थांबा

तिसऱ्या अंकात गाठ सुटेनाशी झाली
की मी इन्स्पेक्टर आणायचो.
गुंजीच्या जत्रेसाठी सतरा नाटकं लिहिली,
सतरा वेळा गहाणखत, सतरा वेळा सुरा,
आणि सतरा वेळा विंगेतून मष्णू:
"थांबा!"

एवढंच वाक्य त्याचं.
त्यासाठी तो नऊ वाजता मिशी चिकटवून बसायचा
ते रात्री अडीचपर्यंत.
चहा नको म्हणायचा, मिशी सुटते.
वर्दी त्याची स्वतःचीच, खानापूर डेपोची,
कंडक्टरचा बिल्ला तेवढा उलटा लावलेला.
पुढच्या रांगेतली पोरं ओळखायची,
तरी शिट्ट्या मारायची.

माणूस वाचतो कसा, मला ठाऊक नव्हतं.
कधी वाचतो ते मात्र पक्कं माहीत होतं:
लोंढ्याकडून येणारी मालगाडी गेली की.
ती आली की कुणाचंच काही ऐकू येईना,
म्हणून सगळी होती तशी गोठायची,
लुमाण्णाचा सुरा वर,
खांबाला बांधलेल्या कस्तुरीची मान मागं,
आणि पोरं डबे मोजायची. बेचाळीस. त्रेचाळीस.
शेवटचा तांबडा दिवा गेला
की मष्णू घसा खाकरायचा.

कस्तुरी हुबळीची. एका रात्रीचे पंधराशे, जेवण वेगळं.
एकदा तोंडाचा रंग पुसताना म्हणाली,
"मास्तर, तिकडं 'निल्ली!', इकडं 'थांबा!'
दोन्ही भाषांत वाचले की मी.
पण पहाटे चारला थांब्यावर एकटीच असते बघा.
तुमचा इन्स्पेक्टर तेव्हा घोरतोय."
मी हसलो.
पुढच्या वर्षीही तेच लिहिलं.

अठराव्या नाटकाच्या रात्री
चोर्ल्याच्या घाटात टँकर आडवा झाला,
आणि मष्णूची बस त्याच्या पलीकडं.
रेंज कुठली तिथं.
मी विंगेत, हातात वही.
गाडी आली. डबे मोजून झाले. दिवा गेला.
थांबा म्हणायला कुणीच नाही.

लुमाण्णा दिवसा पोलकी शिवतो,
कोंबडी कापतानाही तोंड फिरवतो.
सुरा वर धरून तो माझ्याकडं बघत राहिला,
डोळ्यांनीच विचारत: मारू, की काय करू?
मी पुटपुटलो, थांबा.
पण प्रॉम्प्टरचा आवाज तो,
आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात घालायचा,
पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही.

मग कस्तुरीनं मान वळवली
आणि वहीत नसलेलं बोलली:
"दे इकडं तो सुरा. हात भरून आला असंल तुझा."
आणि त्यानं दिला!
दोरी कापायला गेली तर
सुरा पुठ्ठ्याचा, वर बेगड, तो वाकला.
तेव्हा तिनं तो बाजूला ठेवला
आणि खाली वाकून, नखांनी,
एकेक पीळ चाचपत
गाठ सोडवली.
किती वेळ लागला कोण जाणे.
सगळं गाव बघत होतं. शिट्टी नाही.

पडदा पडला. लोक कांबळी झाडायला लागले.
आणि साडेतीनला, विंगेतून नव्हे, मागून, माणसांतून,
धुळीनं माखलेला, बिनमिशीचा,
तिकिटाचं मशीन गळ्यात, बिल्ला सरळ:
"थांबा!"

थांबले की सगळे.
कुणाची पोरं खांद्यावर, कुणाचं अंथरूण काखेत.
मष्णू मधोमध उभा.
पुढचं वाक्य नव्हतं त्याच्याकडं.
मी कधी लिहिलंच नव्हतं.

चारच्या गाडीला तो तिला सोडायला गेला म्हणे,
ट्रंक उचलून,
आणि बस येईपर्यंत दोघं
डेपोच्या रजेबद्दल बोलत होते.

यंदा एकोणिसावं.
इन्स्पेक्टर पहिल्याच अंकात येतोय.
दार वाजवतो, पाणी मागतो, बसतो.
पुढं काय करतो
ते अजून सुचलेलं नाही.