टाचेचं माप

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात तीन कॅरेज टांगली होती,
उलटी, आकड्याला,
खाटकाकडच्या बरगड्यांसारखी.

"हे घ्या ताई, ॲल्युमिनियम. करंगळीवर पेलतंय.
पंचवीस किलो लिहिलंय बघा त्याच्यावर."
लिहिलंय खरं.
बत्तीस गुण जमल्याचंही कुणीतरी लिहिलं होतं एकदा,
माझ्या पत्रिकेच्या मागं, शाईच्या पेनानं.

माझ्या जुन्या सायकलच्या कॅरेजला चाप होता.
त्यात डबा, छत्री, वाचनालयाचं पुस्तक,
मेथीची जुडी, जिची पानं घरी येईस्तोवर निम्मी व्हायची,
आणि चापाच्या वर धाकटा उदय, पाय फाकवून.
बोट सापडलं की सोडायचा नाही तो चाप.
नखावर रेघ आहे अजून.

ह्या नव्यांना चापच नाही.
पिशव्या दोन्ही अंगांना लोंबायच्या,
लदनीच्या बैलावरच्या गोणीसारख्या.
मी विचारलं, पायडल मारताना टाच लागेल का पिशवीला?
दुकानदारानं माझ्या चपलेकडं पाहिलं.
"जाणार कुठं?"
गगनबावड्याला.
"कोण कोण?"
मी.
त्यानं पेन कानामागं खोचलं
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला ट्यूब दाखवायला गेला.

उद्यमनगरात दिलावर नदाफ ट्रॉल्यांना पाटे जोडतो.
सायकल बघून हसला नाही, एवढ्यावरच मी थांबले.
"ॲल्युमिनियम मोडलं तर कळ्यात कोण जोडणार?
लोखंड घ्या. ट्रॅक्टर आहे तिथं वेल्डिंग आहे."
जड होईल की.
"होईल. दीड किलो."
एवढंच. समजूत काढली नाही.

मग त्यानं मागचं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवलं,
मला बसायला सांगितलं,
पोराला हँडल धरायला लावलं
आणि बाजूला पुठ्ठा उभा करून खडू टेकवला
टाचेच्या अगदी मागं.
"मारा पायडल. सावकाश. घाटात माराल तसं."

आजवर ब्लाउजची मापं झाली, बांगडीची झाली,
बोटाची एकदा. (ती अंगठी नंतर सैल पडली.)
पाय फिरतो कसा, हे मलाच माहीत नव्हतं.
पुठ्ठ्यावर एक गोल उमटला,
खालच्या बाजूला जरा चपटा.
दिलावर म्हणाला, "उजवी टाच बाहेर जातीय तुमची,"
आणि त्या रेघेपासून चार बोटं सोडून
सळी वाकवली.

तिसऱ्या दिवशी काळा रंग मारून मिळालं.
पिशव्यांत भरायला काहीच सुचेना.
गावाला जाताना काय न्यायचं, हे माझ्यासाठी
नेहमी दुसरंच कुणी ठरवायचं.
शेवटी मार्केट यार्डातून गुळाच्या दोन भेली आणल्या,
पाच किलो डाव्या अंगाला, पाच उजव्या,
आणि निघाले.
शेजारच्या कुसुमताईंना म्हटलं, "येतो जाऊन."
आमच्याकडं बायकाही येतोच म्हणतात.

रंकाळ्याला एक फेरी. मग फुलेवाडीपर्यंत.
टाच कुठं लागली नाही.
फक्त खड्ड्यातून जाताना मागचं वजन
क्षणभर उशिरा उतरायचं,
पाठीमागं कुणी झोपेत असल्यासारखं.
दोनदा तोंडात आलं, उदय, पाय फाकव रे.
उदय आता इचलकरंजीत असतो,
फोनवर गुडघ्याबद्दल बोलतो.

गूळ रात्रीच काढून ठेवला होता.
तरी सकाळी पाहते तो
टायरवरून आऱ्या, आऱ्यांवरून सळी,
जोडाजवळ वळसा घेऊन
कॅरेजच्या शेंड्यापर्यंत मुंग्यांची रांग.
फुंकर मारली. काही उतरल्या.
राहिल्या त्यांना म्हटलं, धरून बसा,
पहिला चहा कळ्यात.