शेरा

निवडणूक लागली की वाळपईच्या ठाण्यात
परवान्याची हत्यारं जमा होतात.
जानेवारी. म्हादईवरनं धुकं चढून
आवारातल्या जप्त टिप्परांच्या टपांवर बसलेलं.
रानडुकरांवरच्या बंदुका सुतळीनं लेबलं बांधून
भिंतीला लावत होतो मी,
तेवढ्यात शाणू माजिक आले. कानटोपी,
आणि फडक्यात पॉइंट थ्री टू पिस्तूल.

स्लाइड ओढून पाहिली. आली, पण करकरत.
आत तांबूस भुकटी.
म्हटलं, सुभेदार, तुम्ही पलटणीतले आर्मरर,
आणि ही दशा?
इथली हवा लोखंड चाटते. तेल नको का द्यायला?

ते बाकावर टेकले.
"आज खोबरेलाची बाटली बघितलीस?"
बघितली होती. पांढरी, गच्च.
बायकोनं पायरीवर ठेवलेली, ऊन येईल म्हणून.

"ही वाळपईची थंडी, पुता.
द्रासला उणे तीसला
बंदुकीच्या तेलाचा डिंक होतो.
स्लाइड मागे जाते ती परतताना
मध्येच विचार करत थांबते.
आतली पिन त्या डिंकातनं पोहत पोहत
गोळीच्या बुडाला पोचते
तेव्हा तिच्यात जीव नसतो.
टक.
नुसतं टक.
शेकोटीच्या तंबूत आणलं तर लोखंडाला घाम फुटतो,
बाहेर नेलं की त्या घामाचा बर्फ.
म्हणून हत्यारं बाहेर झोपायची,
आम्ही आत.
आणि कोरडी. पुसून पुसून कोरडी."

मग थोड्या वेळानं,
"हे मला दुसऱ्या हिवाळ्यात ठाऊक झालं.
पहिल्या हिवाळ्यात मी तेल दिलं होतं. सढळ.
आई केसांना देते तसं.
कॅप्टन नेगी हसायचा, म्हणायचा,
शाणू, तुझ्या हाताला लोणी लागलंय."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
चहा आला, त्यावर साय धरली.

बाटली काढली तेव्हा
त्यांचा हात माझ्या मनगटावर आला,
धरला नाही, नुसता राहिला.
मी एकच थेंब सोडला, खाचेच्या तोंडाशी.
खिडकीतनं ऊन आत आलं होतं.
थेंब सरसर खाली गेला,
आणि ते वाकून बघत राहिले,
चष्मा नसताना.
"पळतंय," म्हणाले.
"पळतंय की."

पावती खिशात घालून निघाले,
फाटकापासून मागे आले.
"कपाट कुठल्या भिंतीला?
मागे स्वयंपाकघर नाही ना?"
म्हटलं, सुभेदार, हा गोवा.
"तरी पण," म्हणाले, "जरा लांब सरकव."

रजिस्टरात नंबर, बोअर, मालकाचं नाव.
शेऱ्याच्या रकान्यात 'गंज' लिहायचं होतं.
पेन बराच वेळ तिथं ठेवला.
शाई थंडीनं नीट उतरेना,
मग तोंडाशी धरून वाफ दिली.