लॉट नंबर ४४१

परवा रात्री 'शततारका'चा शेवटचा भाग लागला.
शेवटचा म्हणजे शेवट असलेला नव्हे,
त्याच्यापुढे काही नाही, एवढंच.
सव्वीस ठरले होते. एकोणिसाव्यावर वायर कापली.
खालून एक पट्टी सरकत गेली, प्रेक्षकांचे आभार,
आणि तिच्या पाठोपाठ पंख्याची जाहिरात.

यान कुठे होतं तेव्हा?
दोन सूर्यांच्या कात्रीत.
टिंब, तो यंत्रमानव,
स्वतःच्या आठवणी एकेक पुसून
बाकीच्यांच्या श्वासासाठी वीज वाचवत होता.
आणि कप्तान सौदामिनी
लाल बटणावर तळवा ठेवून म्हणाली,
"घरी."
दाबलं.
पडदा काळा.

आमची आभा रडली बिडली नाही.
नववीतली पोर, विज्ञानात बरी, धीरात कच्ची.
"लागलं का?" एवढंच विचारलं.
मी म्हटलं, झोप. सकाळी शाळा आहे.

पण मला ते बटण माहीत होतं.

म्हणजे असं, की सेट त्यांनी सातपूरला लावलेला,
बंद पडलेल्या एका कारखान्यात,
आणि यानाचं सामान आमच्या अंबडच्या भंगारवाल्याकडून
तीन टेम्पो भरून उचललेलं.
पहिल्याच भागात मी जेवता जेवता थांबलो.
कप्तानाच्या उजव्या हाताला
बावीस एमएमचं, छत्रीच्या डोक्याचं,
आणि कडेला माझ्याच पेनाचा पिवळा ठिपका.
त्यांना वाटलं असेल, नक्षी आहे.
लॉट नंबर ४४१. तीनशे नग.
तपासणी: मी. शेरा: नापास.
स्प्रिंग मऊ, दाबलं तरी संपर्क होत नाही.

आणि खरं सांगू का,
ते बटण काही सुरू करायचं नसतंच.
हात अडकला, पट्ट्यात ओढणी गेली,
तर मशीन जागच्या जागी थांबवायचं असतं ते.
त्याच्यावर एकोणीस आठवडे
आख्खं यान चाललं.

काल कँटीनमध्ये टूलरूमचा खैरनार म्हणाला,
"पडलं ना बंद तुमचं? पडायचंच होतं.
ना मारामारी, ना गाणं,
नुसते काळोखात बघत बसतात."
शेवेवर रस्सा ओतून घेतला,
पाव मोडला,
आणि मग आवाज खाली आणून,
"टिंबचं पुढे काय झालं असतं हो?"
मी म्हटलं, मला काय माहीत.
बराच वेळ दोघंही पावच मोडत राहिलो.

सुटल्यावर पाथर्डी फाट्याला सिग्नलवर उभा होतो.
जानेवारीची थंडी, हातमोजे घरी राहिलेले,
पांडवलेण्यांचा डोंगर नुसता काळा ठोकळा
आणि त्याच्या खांद्यावर एक तांबडा दिवा.
वाहिनीच्या नावाने तिथेच फॉर्म भरला, मनातल्या मनात.
दोष: अपूर्ण.
निर्णय: माल परत.
पत्ता लिहायच्या आत मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला.

आभा जागीच होती.
तिला सांगितलं, सगळं नाही.
सांगितलं, की त्या लॉटमध्ये एक खोड होती.
पहिल्यांदा दाबलं, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही.
तिसऱ्यांदा दाबलं, की त्यातले काही लागायचे.
कागदावर मी हे लिहिलं नव्हतं,
तसा रकानाच नसतो.

तिने अंधारात हिशेब केला.
"तिने एकदाच दाबलंय."
"हो."
"म्हणजे अजून दोन."
आणि कूस बदलून झोपली,
भिंतीकडे तोंड करून.
ते थांबवायचं बटण आहे
हे माझ्या तोंडाशी आलं होतं.
पांघरूण सारखं केलं.

आज सातची पाळी.
टेबलावर लॉट नंबर ६१२, नवा, चांगला, जर्मनीला जाणारा.
नियम एकदा दाबायचा आहे.
मी प्रत्येक नग तीनदा दाबला.
सुपरवायझर येऊन घड्याळ बघून गेला.
रकान्यात मी एकदाच लिहिलं.