विळ्यांना धार येण्याआधी

मी फक्त प्रोब धरतो.
पोटावर थंड जेल, पडद्यावर राखाडी धुकं,
धुक्यात एक हात.
बोटं पाच. मोजून झाली तरी
पुन्हा मोजतो. सवय.

डॉक्टर दिघे अशा वेळी बोलत नाहीत.
एरवी दांडिया बाजारातून भाकरवडी आणतात,
अर्धं गुजराती अर्धं मराठी सगळ्यांवर ओरडतात,
मेंढ्यांवरसुद्धा.
अकरा वर्षं मेंढ्या, वाघोडिया रस्त्यावरच्या शेडमध्ये.
आधी कोकरं मेली. मरतच राहिली.
मग एक जगलं,
त्याला त्यांनी नाव ठेवू दिलं नाही.
“नाव ठेवलं की हात कापतो.”

टेबलावर रमिलाबेन राठवा,
छोटाउदेपूरहून पहाटेच्या बसने.
पहिला मुलगा रक्तात विळे घेऊन आला,
सहाव्या वर्षी गेला.
ह्या बाळाच्या रक्तातही तेच विळे;
धार अजून यायची आहे.

तिला सगळं सांगितलं होतं:
होईल, न होईल, तुझ्याआधी कोणीच नाही.
तिने सही केली, सावकाश,
एकेका अक्षरावर थांबत.
मग विचारलं, “एने दुखशे?”
डॉक्टर म्हणाल्या, माहीत नाही.

भिंतीवर पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
आम्ही त्याचं रक्त बदलू शकतो कदाचित,
मुलगा की मुलगी, एवढं सांगू शकत नाही.

सुई. पडद्यावर पांढरी रेघ.
नाळेतली शीर शेवयीएवढी.
आणि मला, नको तेव्हा, विश्वामित्री आठवते :
मे महिन्यात काळ्या घोड्याच्या पुलावर गर्दी,
खाली मगरीण
अंड्यातून निघालेली पिल्लं जबड्यात उचलून
पाण्याकडे नेत होती.
शेजारचा म्हणाला, “खाऊन टाकतेय.”
मलाही तसंच वाटलं होतं.

एक थेंब.
विषाणूचं रिकामं कवच, आत दुरुस्तीचा मजकूर.
एकशे अठ्ठेचाळीस.
एकशे बारा.
शहाण्णव.
“हलू नकोस,” म्हणतात त्या, मला की सुईला.
एसीचा आवाज केवढा मोठा आहे.
शहाण्णव.
एकशे चार.
एकशे एकतीस.
धुक्यात मूठ मिटली. किंवा उघडली.

बाहेर हात धुताना
डॉक्टर नळ बंद करायला विसरल्या.
मी केला.
“काही कळायला वर्ष जाईल,” म्हणाल्या,
आणि थोड्या वेळाने,
“शेडमध्ये फोन लाव.
त्या बिननावाच्या मेंढीला
रजको घातला का, विचार.”