गुडघा

तिबिलिसी, जानेवारी. हीटर एकच,
तोही त्सियालाबाईंच्या पायांशी.
मॉडेल गारठली की रेषाही गारठते, म्हणतात सर.

कोळसा पुसायला आम्ही पाव आणतो.
झाझाने आपलं खोडरबर सकाळीच खाल्लं,
आता चुकलेल्या मांडीवरूनच
पुढची मांडी काढतोय.

माझ्या कागदावर सरांचं नख थांबलं:
उजवा गुडघा सुजलाय. पुन्हा.
माझाही पाव संपलेला. बाहीने पुसला,
तर आणखीच काळा झाला.

सुटल्यावर त्सियालाबाई कोट चढवून
इझेलांमधून फिरल्या
तिकिटं तपासत फिरावं तशा.
माझ्यापाशी वाकल्या.
"हाच.
अठ्ठावीस वर्षं ट्राममध्ये उभी होते,
हाच दुखतो."

मग पिशवीतून अर्धा पाव काढून
इझेलच्या फळीवर ठेवला.
"पुसायला नाही," म्हणाल्या.