दार बंद, पुन्हा येणे

एकतीस वर्षं मी वीजखात्यात मीटर वाचले.
चोडण, दिवाडी, मये.
कुत्रा सोडलेल्या अंगणातून, जिन्याखाली वाकून,
जळमटं बाजूला सारून आकडे टिपले.
म्हणून असेल, निवृत्तीनंतर
पोरांना बांधावर आणतो तेव्हाही
आधी वाकायलाच शिकवतो.

सामान फार नाही: काथ्याची दोरी, चार काटक्या,
पाठकोरे कागद, पेन्सिल.
खाजनाच्या कडेला प्रत्येकाचा एक चौकोन,
दोन हात लांब, दोन हात रुंद.
ओहोटीला बसायचं. बोलायचं नाही.
नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं.
नाव माहीत असेल तरी चित्रच काढायचं.

ज्योविता बसली तशी तिची सावली
चौकोनावर पडली
आणि होते नव्हते तेवढे खेकडे गडप.
"मीटरकाका, माझी लाईट गेली!"
म्हटलं, सरक, ऊन तोंडावर घे.
तिनं रिकामी भोकं मोजली. त्रेचाळीस.
बऱ्याच वेळानं एका भोकातून
नांगी वर आली, शेंदरी,
मालकापेक्षा मोठी, आणि हलली.
कुणाला बोलावत होती की हाकलत होती?
ज्योवितानं दोन्ही लिहिलं.

आल्विटोच्या वाट्याला निवटी.
मासा असून ही चिखलावर कोपरांनी चालते
याचा त्याला रागच आला.
"मग पाण्यात कशाला राहायचं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्यानं कागदावर निवटीला बूट घातले.
मी खोडू दिले नाहीत.

सावळो, मानशीवाल्याचा मुलगा,
चौकोनाकडे पाठ करून बसलेला.
मानशीच्या झडपा कधी उघडतात,
शेवटे कधी चढतात, कुठल्या चिपीखाली
साप कात टाकतो, सगळं त्याला
जेवणाच्या वेळेसारखं पाठ.
"हें आमचें घरच," तो म्हणाला.
"घराचं चित्र काय काढायचं?"

तेवढ्यात गुणवंतीनं नाक दाबून हाक मारली.
बांधाच्या माथ्यावर, सपाट दगडावर,
काळपट, ओली, खवल्यांनी चमचमणारी विष्ठा.
सगळे "शी" करत धावले, तिच्याकडेच.
शी म्हणून लांब पळणारं पोर
मला अजून भेटलेलं नाही.
शेजारी पाच बोटांचे ठसे,
पाण्याकडे उतरत गेलेले.

"हूद," सावळो म्हणाला. "पुस्तकात पाणमांजर.
बाबाची जाळी फाडतात.
बाबा शिव्या घालतो, आणि मग
माशांची डोकी इथंच ठेवून जातो."

हे मला माहीत नव्हतं.
त्याच्या घरचं मीटर मी सोळा वर्षं वाचलं.

मग आम्ही वाट पाहिली.
रायबंदरची फेरी गेली, आली, पुन्हा गेली.
खंड्यानं दोन बुड्या फुकट घालवल्या.
आल्विटोच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं
आणि कुणी हसलं नाही.
पाणी फिरलं. खेकडे
चिखलाचा एकेक गोळा ओढून
भोकं बुजवू लागले, आतून.

"आता काय लिहू?" ज्योविता कुजबुजली.
"कुणीच नाही."

तिला खात्यातली रीत सांगितली:
कुलूप दिसलं म्हणून घर वगळायचं नसतं.
घरनंबर लिहायचा, तारीख घालायची, आणि पुढे
दार बंद, पुन्हा येणे.
तीही नोंदच असते, बाळ.

तिनं ते एकेका भोकापुढे लिहिलं.
त्रेचाळीस वेळा. शेवटी शेवटी
'दा. बं.' एवढंच; पाणी पायाशी आलं होतं.

पाणमांजर आलं नाही.
दोऱ्या गुंडाळायला सावळो थांबला
आणि माझ्या हातात घडी केलेला कागद ठेवून
मागे न बघता पळाला.

फेरीत उघडून पाहिला.
सपाट दगड. दगडावर माशाचं डोकं.
जवळच चिखलात बाबाच्या चपलेचा ठसा,
अंगठ्याशी झिजलेला,
आणि त्याच्यावर अर्धवट चढलेली
पाच बोटं.