नाकाचं माप

फेब्रुवारी. कॅनोराच्या बाहेर
गव्हाच्या कोठारामागे डार्काची शेड.
पारा उणे एकतीस,
आणि ती मला विचारते,
"नेस्टर, हे गार कसं करायचं?"

तीस वर्षं मी गावातल्या कर्लिंगचा बर्फ राखला.
अमोनियाच्या नळ्या, कॉम्प्रेसर, मध्यरात्रीचे फोन.
थंडी माझ्या हातातली होती.
पण हे इंजिन ओळखीचं नव्हतं:
ना पिस्टन, ना व्हॉल्व्ह.
कमरेत दबलेली भुईमुगाची शेंग,
तिच्या पोटात तीन कोपऱ्यांचा दाणा गरगरतो,
आणि आग लागते ती दर वेळी त्याच कुशीला.
दुसरी कूस तशीच, गार.

रेजायनाच्या भंगारातली माझ्दा,
ठोकरलेली, पण पुढून नाही.
शाळेची बस चालवून उरलेल्या संध्याकाळी
अकरा वर्षं ती हे विमान जोडते आहे.
पंखांवर कापड चढलंय. खुर्ची एकच.

आधी तिनं पिकअपचा रेडिएटर बसवला होता.
नाकापेक्षा मोती जड.
त्याच्यासाठी तोंड एवढं मोठं कापलं
की चिमण्या आत येऊन परत गेल्या असत्या.
तरी जमिनीवर, दोरांनी बांधलेलं असताना,
नऊ मिनिटांत काटा एकशे बारावर,
शेडभर तो गोडसर वास,
आणि डार्का बर्फात उभी, हातात झाकण,
कुणाशीच न बोलता.

मग मी एका बुईकच्या एसीतल्या
दोन बुटक्या, जाड कोर आणल्या,
तोट्या कापल्या, ॲल्युमिनियम झाळलं.
तेलाला वेगळा कूलर,
तेल आपला तिसरा हिस्सा मागतंच.
बोगदा आधी पुठ्ठ्याचा केला,
दलियाच्या खोक्यांचा.

तिनं आपला लाल हातमोजा उसवला.
अंगठ्याचं टोक आधीच गेलेलं होतं, म्हणाली.
लोकरीचे तुकडे आत चिकटवले,
पानं उडवायचा ब्लोअर समोर धरला,
आणि आम्ही दोघं पोटावर पडून, टॉर्च घेऊन,
हवा बघायला लागलो.

मधली लोकर सरळ होती. शहाणी.
पण वरच्या कोपऱ्यातली
उलटी, तोंडाकडे वाहत होती.
आलेली हवा आत न जाताच परतत होती,
उंबऱ्यावरूनच "येते हं" म्हणणाऱ्या पाहुणीसारखी.

"तोंड लहान कर," मी म्हणालो.
"अजून?"
"चहावर फुंकर घालताना ओठ किती उघडतेस?"
ती हसली नाही. तिनं पेन्सिल घेतली.
चार बोटं कमी.
आतून मात्र हळूहळू रुंदावणारं,
हवेला वाटेत दम खाता यावा,
घाईची हवा काही घेऊन जात नाही.
बाहेरचं दार मोठं, पोटाखाली.

तरी एकदा काटा उडाला.
वरच्या वळणात हवेचा बुडबुडा दडलेला.
पाण्याच्या आधी चढून बसलेला.
त्याला बोटभर नळीची वाट दिली,
तो निघाला, ढेकर दिल्यासारखा.
आम्ही दोघांनी तो ऐकला.

काल, चारच्या सुमाराला:
पाच मिनिटं. दहा. शेडचे पत्रे थरथरताहेत.
काटा शहाऐंशीवर येऊन बसला.
वीस मिनिटं. शहाऐंशी.
मी काचेवर टिचकी मारून पाहिली,
जुनी सवय, काट्यांवर विश्वास नसण्याची.

तिनं इंजिन बंद केलं.
शांतता अशी की कान दुखले.
विमानाच्या पोटाखाली
बर्फ वितळून परातीएवढी जागा झाली होती,
गेल्या वर्षीचं पिवळं खुंट वर आलेलं.

उडायचं मेमध्ये, म्हणाली.
मेपर्यंत अजून सगळंच व्हायचंय:
ब्रेक, तपासनीस, कागद.
मी हत्यारं पुसत होतो.
ती वाकली,
त्या मोठ्या दाराशी हात नेला,
उसवलेल्या हातमोज्यातून बाहेर आलेला
तो एक उघडा अंगठा,
आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.